सिद्धाच्या तळ्यावरचा हिरवा बावटा

१

कालिंदीला पंचगंगेवर पोचवून आम्ही परतलो, तर सिद्धाच्या तळ्यावर जुलेखाचा सरबताचा गाडा उलटा पडलेला. काचांचा सडा झाला होता, लिंबं गडगडत पार पाण्याच्या पायरीपर्यंत गेली होती, आणि जुलेखा पोलिसांच्या जीपमध्ये मागं बसून पदरानं कपाळाचं रक्त टिपत होती. ‘हिच्याच बर्फानं पोरगी गेली’ असं कुणीतरी म्हणालं आणि मयतीहून आलेल्या माणसांनी गाडा मोडला. पोरीला खांदा दिलेलीच माणसं ती. मी चार शिव्या हासडल्या, पण तोवर जीप निघून गेली होती.

मी आकाराम इंगवले, पेन्शनीतला फौजदार. सारी हयात पोलिसात गेली आणि तोंड फटकळ ते फटकळच राहिलं. गाव मला अजून फौजदारच म्हणतं.

कालिंदी म्हणजे केरबाची एकुलती एक लेक. केरबा मंगळवार पेठेत भांड्याच्या दुकानाबाहेर पोतं टाकून बसतो आणि छिन्नी-हातोडीनं भांड्यांवर नावं घालतो. आमच्याकडं लग्नात दिलेली वाटीसुद्धा नावाशिवाय देत नाहीत. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, तिथी, सगळं पाहिजे. अर्ध्या कोल्हापूरच्या मांडण्या केरबाच्या ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांनी भरल्यात. त्याची ही पोरगी मासळीगत पोहायची. वय एकोणीस, राज्याच्या स्पर्धेला निघालेली. तिला विषमज्वर झाला आणि आठवडाभर तापून ती गेली. तळ्यावर पोहणारी आणखी पाच पोरं तापानं अंथरुणाला खिळली होती.

आता बावट्याचं सांगतो. जिथं पोहण्याच्या स्पर्धा होतात तिथलं पाणी दर महिन्याला तपासायचं, असा नियम. मलकापूर रस्त्यावरच्या आमच्या या तळ्याचं पाणी बाटलीत भरून, लाखेचं सील करून मिरजेच्या प्रयोगशाळेत जायचं. जंतू निघाले की तलाव समिती काठावर लाल बावटा लावायची, म्हणजे कुणी पाण्यात उतरायचं नाही. पाणी चांगलं निघालं की हिरवा. हिवाळाभर बावटा लाल होता. पाडव्यानंतर जो हिरवा झाला तो हिरवाच राहिला. मग पाण्याला दोष कोण देणार? उरली सरबतवाली.

तिन्हीसांजेला जुलेखाचा भाऊ लालासाब दारात आला. मिरजेला बाटली नेण्याचं काम त्याचंच. पोलिस मनुष्यवधाचं कलम लावायचं म्हणतात, विधवा बहीण आत गेली तर तिची लेकरं आणि तिचं नाव, दोन्ही मातीत जाईल, असं सांगून तो माझ्या उंबऱ्यावर मटकन बसला. तेवढ्यात मागून केरबाच आला. मुंडण केलेलं डोकं, अंगावर ओला पंचा.

“फौजदार, मला नाव पायजे,” तो म्हणाला. “कुणामुळं गेली त्येचं नाव. दुसरं काय बी नको.”

लालासाब मान खाली घालून उठला. केरबानं त्याच्याकडं बघितलं आणि सावकाश म्हणाला, “ह्येच्या भनीचं नाव सांगू नगा. कालिंदी तिच्या गाड्याव बसून वाढलीया.”

२

पहिला गेलो डॉक्टर दत्तोपंत किणीकरांकडं. तलाव समितीचे हे बिनपगारी डॉक्टर, आणि आमच्या घरचेही. गरिबाकडून पैसा घेत नाहीत. कालिंदीच्या उशाशी शेवटची रात्र त्यांनीच काढली होती. बायको विमलाबाई गेल्यापासून माणूस एकटा. तिच्याच नावानं त्यांनी तळ्याच्या वरच्या काठाला मंगल कार्यालय बांधलंय. दवाखान्यात तिच्या फोटोला रोज ताजा हार असतो. मला तर हा माणूस देवाच्या खालोखाल वाटायचा, खोटं कशाला बोलू.

त्यांनी मला खुर्ची दिली, आधी माझ्या पोटाची चौकशी केली. रात्री तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी सकाळी पितोस ना, असं दटावून विचारलं. त्यांच्या प्रत्येक रोग्याला त्यांचं हे औषध ठरलेलं. मग म्हणाले की विषमज्वर उघड्यावरच्या खाण्यापिण्यातून होतो, बर्फातून तर हटकून होतो. तळ्याच्या पाण्यात मिरजेला एकही जंतू सापडलेला नाही. बोलताना त्यांचे डोळे भरून आले. मलाही भरून आलं आणि मी उठलो.

तिथून तापलेल्या पोरांची घरं धरली. सगळ्यांना एकच सवाल, जुलेखाचं सरबत प्यायला होतास काय? एक व्हय म्हणाला, दुसरा व्हय म्हणाला. शेवटचं घर अंबादास गुरवाचं. तळ्याकाठच्या सिद्धाच्या देवळाची पूजा याच्याकडं, आणि मिरजेची बाटली भरून द्यायचं कामही याच्याचकडं. त्याचा पुतण्याही तापला होता. मी तोच प्रश्न टाकला तर अंबादास चुळबुळायला लागला. शेवटी खालच्या आवाजात म्हणाला की पोराची नुकतीच देवाच्या सेवेत बसवणूक झालीय, त्याला कडक सोवळं आहे. तो दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणी पीत नाही, आणि जुलेखाच्या हातचं तर नाहीच नाही.

“तिला सांगू नगा ह्ये,” अंबादास म्हणाला. “चांगली बाई हाय ती.”

चांगली बाई, पण हातचं पाणी चालत नाही. मला हसावं का रडावं कळेना. पण ज्या शिवाशिवीचा मला जन्मभर संताप आला, तिनंच जुलेखाला सोडवायची वाट दाखवली होती. पोरगा सरबत प्यालाच नव्हता. तो फक्त पोहला होता. म्हणजे ताप तळ्यातूनच आला होता आणि वर हिरवा बावटा फडकत होता.

३

आता माझा संशय बसला नृसिंहरावांवर. समितीचे अध्यक्ष. स्पर्धा तळ्यावर भरवायची म्हणून या माणसानं जिवाचं रान केलेलं. हिवाळ्यात लाल बावटा बघून भर चौकात ओरडले होते की या मिरजेच्या बाटलीला एकदा बघून घेतो. बाटलीला सील लागताना तेच पंच म्हणून उभे असायचे.

मी सरळ विचारलं, बाटली बदलली काय? नृसिंहराव एवढे भडकले की कोपऱ्यातला कुत्रा उठून बाहेर गेला. मग दमले आणि पडल्या आवाजात म्हणाले की बदलायची इच्छा झाली होती, हिंमत झाली नाही. पाडव्यानंतर आपोआप पाणी चांगलं आलं तेव्हा त्यांनी सिद्धाला पाच नारळ फोडले होते. खोटं बोलणारा माणूस अशी लाज स्वतःहून सांगत नाही. तरी खात्री पाहिजे, म्हणून लालासाबला घेऊन मी मिरजेची एस.टी. पकडली.

प्रयोगशाळेतल्या बाई चष्मा पुसत माझं ऐकत होत्या. बाटली बदललेली नाही, असं त्यांनी छातीठोक सांगितलं. सील शाबूत असायचं, पाण्यात तळ्याचाच गाळ असायचा, क्षारही हिवाळ्यातल्या पाण्याएवढेच. कुणी उकळलं असतं तर क्षार खाली बसून कमी झाले असते. ब्लीचिंग पावडर टाकली असती तर ती तपासणीत सापडली असती. तसलं काही नव्हतं.

“मग तुम्हाला कधी नवल नाही वाटलं?” मी विचारलं.

“वाटलं ना,” बाई म्हणाल्या. “ज्यात म्हशी डुंबतात, त्या तळ्यात एकही जंतू नाही? आमच्या नळाला नसतं इतकं स्वच्छ पाणी. पण आलेलं पाणी तपासायचं एवढंच माझं काम.”

येताना गाडीत लालासाबला मी झोपू दिलं. पाणी तळ्याचंच. बाटली तीच, सील तेच. कुणी काही घातलं नाही, कुणी उकळलं नाही, आणि त्यातले जंतू मात्र सगळे मेलेले. असल्या चोरीला कुठल्या बाजूनं हात घालावा, हे माझ्या बापजन्मात मला कुणी शिकवलं नव्हतं.

४

सकाळी डोकं धरून चुलीपाशी बसलो होतो. माझी थोरली बहीण आक्का माझ्याकडंच असते. तिनं पुढ्यात तांब्या आदळला.

“चहा मागनं. आदी ह्ये राच्चं पानी पी. डाक्टरनी सांगिटलंय न्हवं, तांब्यात रातभर ठेवलं की जंतू मरत्यात म्हून?”

मी तांब्या तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. आक्का मागून ओरडत राहिली. मी पायात वहाणा घातल्या की नाही तेही आता आठवत नाही.

अंबादास देवळाच्या पायरीवर फुलं निवडत होता. आजवर सगळ्यांनी त्याला विचारलं होतं की बाटली पंचांसमोर भरलीस ना. ती तो भरतच होता. मी विचारलं, बाटलीत पाणी कशातून ओततोस?

त्यानं सरळ सांगितलं, लपवण्यासारखं त्याच्या मनात काही नव्हतंच. हे देवाचं पाणी, याच तळ्याच्या पाण्यानं सिद्धाला अंघोळ. दवाखान्याची बाटली त्यात बुडवायची म्हणजे विटाळ. शिवाय पहाटे देवाच्या अंघोळीआधी पाण्याला कुणी शिवायचं नाही, आणि लालासाबची मिरजेची गाडी तर त्याच्याही आधी सुटते. म्हणून तो आदल्या सांजेला, आरती झाली की पाणी भरून गाभाऱ्यात ठेवायचा आणि भल्या पहाटे पंच आले की त्यातून बाटली भरून द्यायचा. बाटली भरताना पंच बघायचे. पाणी रात्रभर कशात होतं ते कुणी बघितलं नव्हतं.

“आदी मातीची घागर हुती,” तो म्हणाला. “पाडव्याला देवाला कळशी आली. तवापास्नं तिच्यातच ठेवतो. डाक्टरसायबच म्हनाले, देवाचं पानी मातीत कशाला, ह्या कळशीत ठेवत जा. माज्या मनाला किती बरं वाटलं म्हनून सांगू.”

त्यानं गाभाऱ्यातून कळशी आणली. तांब्याची, चिंचेनं घासून लखलखीत केलेली. आतून उघडं तांबडं तांबं, कडेला जरा हिरवट. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांची सुबक अक्षरं होती. ‘कै. सौ. विमला हिच्या स्मरणार्थ सिद्धदेवास अर्पण. डॉ. दत्तोपंत किणीकर. चैत्र शु. १.’

मी तळ्याच्या वरच्या काठाकडं बघितलं. भर वैशाखात सगळीकडं फुफाटा उडत होता आणि विमला मंगल कार्यालयाच्या मागं, मोऱ्या आणि संडासांच्या खालच्या अंगाला, पाण्यापर्यंत हिरवंगार गवत माजलं होतं. आत बँड वाजत होता. ते गवत मी कितीदा पाहिलं होतं आणि झऱ्याचं समजत होतो.

५

त्या सांजेला अंबादासला घेऊन मी दोन भांड्यांत तळ्याचं पाणी काढलं. थोडं त्याच्या कळशीत, थोडं मातीच्या घागरीत. सकाळी दोन बाटल्या भरल्या आणि नृसिंहरावांसमोर सील करून स्वतः मिरजेला नेल्या. बाईंचा निरोप आला. कळशीच्या पाण्यात जंतू नाहीत. घागरीच्या पाण्यात माणसाच्या मैल्याचे जंतू इतके, की त्यात पाय धुवायचीही त्यांची तयारी नव्हती.

जुलेखाला सोडवायला एवढं पुरेसं होतं आणि पोलिसांनी तिला सोडलीही. पण केरबाला नाव पाहिजे होतं. आणि डॉक्टर म्हणणार, मी भक्तीनं कळशी दिली, तांब्याचा गुण ऐन वेळी ध्यानात आला नाही. भाबड्या माणसाला फाशी देता येत नाही. त्यांनी ते समजून उमजून केलं, याचा पुरावा पाहिजे होता, आणि तो एकाच माणसाकडं मिळण्यासारखा होता. ज्यानं अक्षरं घातली त्याच्याकडं.

कळशी धोतराच्या पानात गुंडाळून मंगळवार पेठेत गेलो तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा माझे पाय मागं ओढत होते. केरबा पोत्यावर बसला होता. कामाला पुन्हा लागला होता, पण हातातलं ताट कोरंच होतं. मी कळशी पुढं ठेवली. त्यानं अक्षरांवरून अंगठा फिरवला.

“माजंच काम,” तो म्हणाला. “डाक्टरांची. ध्यानात हाय की. हिच्या आत कल्हई हुती, नवीकोरी, चांदीगत. त्येनी समोरच्या कल्हईवाल्याकडनं तापवून पुसून काढायला लावली. मी म्हनलं, सायेब, कल्हई लावून घ्येनारी मानसं रोज येत्यात, काढून घ्येनारं तुमीच पयलं. तर हसले. म्हनाले, आतनं तांबं उघडं पायजे, त्याबिगर गुन न्हाय येत.”

मला पाहिजे होतं ते मिळालं होतं. केरबा माझ्याकडं बघत होता.

“ह्ये कशापायी इचारताय, फौजदार?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, गवतापासून घागरीपर्यंत. शेवटी त्यानं स्वतःचेच हात उलटेसुलटे करून बघितले.

“म्हंजे नाव मीच घातलतं की,” केरबा म्हणाला.

६

डॉक्टर विमलाबाईंच्या फोटोला हार घालत होते. मी बसलो नाही. एकेक गोष्ट पुढ्यात मांडली. सोवळ्यातला पोरगा तापला, म्हणजे सरबत नव्हे. पाणी तळ्याचंच आणि तरी निर्जंतुक, म्हणजे बाटलीआधी काहीतरी झालं. घागर गेली, कळशी आली, त्याच महिन्यात बावटा हिरवा झाला. लाल बावटा राहिला असता तर मैला कुठून येतो याची तपासणी झाली असती आणि ती कार्यालयाच्या संडासापाशी येऊन थांबली असती. तांब्यात जंतू मरतात हे सगळ्या गावाला शिकवणारा माणूस एकच. आणि कल्हई उतरवून घेणाराही तोच.

त्यांनी नाकारलं नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“संडासाचा खड्डा फुटलाय हे मला माघात कळलं,” ते म्हणाले. “दुरुस्त करायचं म्हणजे कार्यालय बंद ठेवायचं. लग्नसराईच्या तारखा दिलेल्या, लोकांच्या पत्रिका छापलेल्या. म्हटलं, एवढे मुहूर्त उरकू देत, ज्येष्ठात काम काढू. विमलाच्या नावाला बट्टा नको होता, आकाराम.”

“आणि कालिंदीनं तुम्हाला विचारलं होतं, पाण्यात उतरू का?”

“विचारलं होतं,” ते म्हणाले. “मी म्हटलं, बावटा हिरवा आहे ना.”

माझा हात वर गेला होता. कसा आवरला माझं मला माहीत. तेव्हा त्यांनी चष्मा परत लावला आणि शांतपणे विचारलं, “देवाला कळशी वाहणं हा कुठल्या कलमाखाली गुन्हा आहे, फौजदार?”

वकिलांना विचारलं, जुन्या साहेबांना विचारलं. नव्हता. बाटलीला त्यांनी हात लावला नव्हता, सही खोटी नव्हती, पाणी तळ्याचंच होतं. फुटका खड्डा म्हणजे फार तर दंड. तलाव समितीची बैठक झाली. गुरवाच्या अज्ञानामुळं नमुने सदोष गेले, असं ठरलं आणि अंबादासकडून पाणी काढायचं काम काढून घेतलं. मी बैठकीत आरडाओरडा केला तर नृसिंहरावांनी माझ्या कोपराला धरून बाहेर आणलं. ते स्वतः रडत होते, पण आत जाऊन सही त्यांनीही केली. डॉक्टरांनी प्रकृतीच्या कारणानं राजीनामा दिला. समितीनं त्यांना शाल आणि नारळ दिला. कोल्हापुरात जन्मल्याची मला त्या दिवशी शरम वाटली.

जुलेखाचा गाडा कुणी दुरुस्त करून दिला नाही. ती लेकरं घेऊन शिरोळकडं दिराच्या घरी गेली. जाताना लालासाबजवळ विचारून गेली की अंबादासच्या पुतण्याचा ताप उतरला काय.

लाल बावटा लागला त्या सांजेला केरबा देवळात आला. आरती नुकतीच झाली होती. त्यानं अंबादासकडं कळशी मागितली आणि पायरीवर बसून कनवटीची छिन्नी काढली. देवाच्या वस्तूवर असं काही घालता येत नाही म्हणून अंबादास पुटपुटला.

“देवाची हाय म्हनूनच,” केरबा म्हणाला.

टिक टिक करत तो अंधार पडेस्तोवर बसला. डॉक्टरांच्या नावाखाली, त्याच मापाच्या अक्षरात, त्यानं घातलं. ‘हिच्यातल्या पाण्यावर इसवास ठेवून गेली. कालिंदी केरबा. वय १९.’ मग हातानं कीस झटकला आणि कळशी अंबादासला दिली. त्यानं ती गाभाऱ्यात नेली नाही. बाहेर, नंदीशेजारी, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल अशी ठेवली.

महिन्याभरात डॉक्टरांचा माणूस देवळात आला. मी तिथंच बसलो होतो. साहेब देवाला चांदीची कळशी द्यायला तयार आहेत, ही जुनी तेवढी बदली द्यावी, असा निरोप होता. अंबादासनं वात करता करता मान वर केली.

“देवाला वाहिलेलं माघारी मिळत न्हाय, पावणं,” तो म्हणाला. “डाक्टरास्नी सांगा, नाव त्येंचंच हाय.”